मेळघाटची चढण आणि जुन्या मोटारीचा रेडिएटर

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घटांगच्या चढणीने सातपुड्याच्या रांगेत शिरतो आणि सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीस पोहोचतो. यातील बराच भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. पायथ्याच्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा वेळी जुनी विलीज जीप, फियाट ११०० किंवा सुरुवातीची अॅम्बेसेडर घाट चढू लागली की खरी कसोटी रेडिएटरची लागते. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सावकाश चालते, इंजिन मात्र जोराने फिरत असते. उष्णता अधिक आणि समोरून येणारा वारा कमी. पाणी उकळल्यावरही गाडी तशीच दामटली तर हेड गॅस्केट जळते, कधी हेडच तडकते. अनेक जुन्या इंजिनांची हेड आता बाजारात सहज मिळत नाहीत. त्यामुळे बाजारातील नवा, दुसऱ्या बनावटीचा रेडिएटर बसविण्याचा विचार गाडीमालक करतात.

मात्र दोष रेडिएटरचाच आहे, याची खात्री आधी करावी. इंजिन तापवून बंद करावे आणि पंखा थांबल्यावर जाळीजवळून तळहात फिरवावा. मध्येच गार पट्टे लागले तर त्या नळ्या चोंदल्या आहेत. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, विशेषतः मागील सिलिंडरभोवती, वर्षानुवर्षांचा गंज साचलेला असतो. तो धुऊन न काढता नवा रेडिएटर जोडल्यास ती घाण थोड्याच दिवसांत नव्या नळ्यांत जाऊन बसते. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडची रीतही सरसकट योग्य नाही. काही इंजिनांत त्यामुळे बरेचसे पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासमधूनच परत फिरते.

मूळ तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या टाक्या शाबूत असतील, तर त्यांना नवा, अधिक नळ्यांचा कोअर लावून घेणे हाच बहुधा उत्तम उपाय ठरतो. गाडीचे रूप बदलत नाही आणि पुढे डागडुजी साध्या डाखकामाने होते. ॲल्युमिनियमचे रेडिएटर वजनाला हलके व कामाला चांगले असतात, पण जंगलात नळी फुटल्यास त्यांना साधा डाख लागत नाही. बदली रेडिएटर घेताना केवळ चौकटीची लांबी-रुंदी जुळवू नये. कोअरची जाडी, होजच्या तोंडांचा व्यास आणि ती कोणत्या बाजूस आहेत, हे मोजून घ्यावे. ऑस्टिन सेव्हनसारख्या, पाण्याचा पंप नसलेल्या मोटारींत गरम पाणी आपोआप वर चढून फिरते. त्यांना उभ्या नळ्यांचा व रुंद तोंडांचाच रेडिएटर लागतो. आडव्या प्रवाहाचा चालत नाही.

झाकणाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू ७ पौंडांच्या झाकणाने सुमारे १११ अंशांपर्यंत वाढतो. नव्या रेडिएटरसोबत पुष्कळदा १३ ते १५ पौंडांचे झाकण येते. हा दाब जुने होज आणि पंपाचे सील यांनाही सोसावा लागतो आणि त्यांतील जे कमकुवत, ते आधी फुटते. झाकण मूळ इंजिनाच्या दाबाचेच घ्यावे.

बसविताना रेडिएटर चॅसिसला घट्ट जखडू नये. खडबडीत रस्त्यावर जीपची चॅसिस पिळवटते आणि टाकीचे सांधे तडकतात, म्हणून खाली रबरी बैठक हवी. कोअर जाड झाला की पंख्याचे अंतर घटते. साधारण एक इंच मोकळे राहावे. पंख्याभोवती पत्र्याचा आडोसा केल्यास संथ चढणीवर वारा जाळीच्या मोठ्या भागातून ओढला जातो. खालच्या होजमध्ये मूळची स्प्रिंग असेल, तर ती परत घालावी, अन्यथा पंपाच्या ओढीने होज चपटा होतो. विजेचा पंखा लावायचा असल्यास आधी बॅटरी पाहावी. विलीजच्या लष्करी जीपची वायरिंग ६ व्होल्टची होती, तर अनेक जुन्या ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. तेथे पंख्याच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर वारा उलटा वाहतो.

पाण्याचा प्रश्न वऱ्हाडात विशेष आहे. अकोट, दर्यापूर हा पूर्णेचा खारपाणपट्टा. तेथील विहिरीचे खारे पाणी रेडिएटरमध्ये घातल्यास नळ्यांत क्षार बसतात आणि ॲल्युमिनियम लवकर खाल्ले जाते. शुद्ध केलेले पाणी आणि गंजरोधक कूलंट वापरावे, आणि घाटासाठी तेच पाणी कॅनमध्ये सोबत घ्यावे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनुसार विंटेज नोंदणीसाठी वाहन ५० वर्षांहून जुने व मूळ स्वरूपात असावे लागते; चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणून नव्या रेडिएटरसाठी पुढचा आडवा दांडा कापणे किंवा वेल्डिंग करणे टाळावे. मूळ भोकांतच बसणारी जोडपट्टी करावी आणि जुना रेडिएटर भंगारात न देता कोरडा करून जपून ठेवावा.

काम झाल्यावर पहिली फेरी परतवाड्याच्या सपाटीवरच घ्यावी. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर झाकण उघडून पाण्याची पातळी पाहावी, होजच्या पट्ट्या पुन्हा आवळाव्यात आणि मगच घटांगची चढण धरावी.