नाटो, न्यूयॉर्क आणि अस्नोड्याचा रस्ता

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याची एक तुकडी दोडामार्गाहून अस्नोडा-थिवीमार्गे पुढे सरकली. तो रस्ता आपल्या मुळगावहून जवळच. त्यामुळे मुक्तीचा विषय निघाला की मंडळाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो: देश १९४७ला सुटला, मग आपण चौदा वर्षं का थांबलो? "नेहरूंमुळे," हे उत्तर तयारच असतं. माझ्या मते हिशेबात आणखी एक खातं धरायला हवं.

पोर्तुगाल १९४९ सालापासून नाटोचा संस्थापक सदस्य. मी पेशाने इंजिनियर, त्यामुळे आधी हद्द बघतो. कराराच्या सहाव्या कलमात युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेचा अटलांटिक येतो. गोवा त्यात बसत नाही. म्हणजे कागदावर नाटोचा गोव्याशी संबंध शून्य.

पण वजन कागदाबाहेरही पडतं. सालाझारने १९५१ मध्ये 'वसाहत' हा शब्द काढून 'सागरपार प्रांत' असा शब्द आणला होता. २ डिसेंबर १९५५ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे कुन्हा यांच्या संयुक्त निवेदनात तोच 'प्रांत' आला आणि भारतात गदारोळ उठला. करारातलं एक अक्षर न बदलता लिस्बनच्या शब्दाला वॉशिंग्टनचा शिक्का मिळाला. अझोर्स बेटांवरचा लाजेस हवाई तळ अमेरिकेला हवा होता, हे त्यामागचं एक मोठं कारण. त्याच महिन्यात, १४ तारखेला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत दाखल झाला आणि आठच दिवसांत दादरा-नगर हवेलीच्या वाटेवरून हेगच्या न्यायालयात गेला.

१९६१च्या डिसेंबरात सुरक्षा परिषदेत भारताने माघार घ्यावी असा ठराव आला. मांडणारे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान, चारही नाटोचे! बाजूने ७, विरुद्ध ४. सोव्हिएत व्हेटोने तो पडला. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक हेही विरोधात होते, ही गोष्ट आपण सहसा विसरतो.

या गोटाची ताकद आणि मर्यादा इथे एकत्र दिसतात. त्याने पोर्तुगालला शब्द दिले, मतं दिली, वेळ मिळवून दिला. गोवा राखायला सैनिक मात्र एकही पाठवला नाही. चौदा वर्षांचा हिशेब मांडताना दिल्लीचं खातं जरूर तपासू या, पण त्या मिळवलेल्या वेळेची किंमत इथल्या माणसांनी मोजली, हेही लिहून ठेवू या.