शेजारच्या तारेतले बोलणे

महूच्या पोस्टिंगमधली गोष्ट. पावसाळा संपत आला होता आणि आमच्या क्वार्टरमधले ब्रॉडबँड दुपारी नीट चाले, पण संध्याकाळी अडखळे. लाइन तपासायला आलेला हवालदार साताऱ्याकडचा. म्हणाला, "साहेब, तार तुटलेली नाही. शेजारचे मोडेम चालू झाले की आपल्याला त्रास होतो."

एका केबलमध्ये तारांच्या कितीतरी जोड्या शेजारी शेजारी असतात. एका जोडीतला बदलता प्रवाह दुसरीत थोडासा उमटतो. यालाच क्रॉसटॉक म्हणतात. पूर्वी फोनवर कधी कधी परक्याचे बोलणे ऐकू येई. ब्रॉडबँडमध्ये त्याचा नुसता गोंगाट होतो आणि वेग घटतो.

उपाय जुनाच आहे. सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असे आणि परतीचा प्रवाह जमिनीतून जाई. १८८१ मध्ये ग्रॅहॅम बेल यांनी दोन तारा एकमेकींना पिळण्याचे पेटंट घेतले. पिळामुळे शेजारचा त्रास दोन्ही तारांत सारखाच शिरतो आणि फरक मोजताना वजा होतो.

तरीही १९१४ मध्ये फ्रान्सच्या खंदकांत ब्रिटिश फौजेने बऱ्याच ठिकाणी एकच तार टाकली. वजन कमी, काम झटपट. आपले भारतीय जवानही तेव्हा त्याच आघाडीवर होते. पण जमिनीतून परतणारा प्रवाह कुणाची वर्दी बघत नाही. जर्मनांनी जमिनीत खुंट्या ठोकल्या, त्यांना व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर जोडले आणि समोरच्यांचे बोलणे ऐकू लागले. या ठाण्यांना ते 'मोरिट्झ' म्हणत.

१ जुलै १९१६ च्या पहाटे, सोमच्या हल्ल्याच्या काही तास आधी, ला बोआसेल गावाजवळच्या अशाच ठाण्याने ३४ व्या डिव्हिजनकडे फोनवरून चाललेला शुभेच्छांचा संदेश टिपला. आठवडाभराच्या तोफमाऱ्याने जर्मन सावध होतेच. आता वेळही आली हे त्यांना कळले. त्या दिवशी या डिव्हिजनचे सहा हजारांहून अधिक जवान मेले किंवा जखमी झाले. सगळा दोष एका फोनवर टाकता येणार नाही. पण सिग्नल्सच्या माणसाला ही पहाट विसरता येत नाही.

उत्तर सिग्नल्सच्याच एका अधिकाऱ्याने शोधले होते. कॅप्टन फुलर यांच्या १९१५ च्या फुलरफोनमध्ये तारेवर अगदी क्षीण, एकाच दिशेचा प्रवाह जाई. त्याचे आवाजात रूपांतर फक्त घेणाऱ्याच्या यंत्रात होई. चोरून ऐकणाऱ्याच्या कानी काही पडत नसे. मात्र त्यावर बोलता येत नसे, मोर्सच पाठवावा लागे.

आजचा उपाय 'व्हेक्टरिंग'; त्याचे आंतरराष्ट्रीय मानक २०१० चे. एक्स्चेंजकडचे यंत्र प्रत्येक लाइनवर ठरावीक वेळाने वेगळा ओळखीचा संकेत पाठवते. प्रत्येक मोडेम आपल्याकडे किती चूक आली ते कळवतो. त्यावरून कोण कुणाला किती त्रास देतो याचा तक्ता बनतो आणि पुढचा सिग्नल तेवढी वजाबाकी करूनच निघतो. पण केबलमधल्या सगळ्या लाइन एकाच यंत्राच्या हाताखाली हव्यात. एखादी बाहेर राहिली तर तिचा त्रास उरतोच.

आमच्याकडे असले यंत्र नव्हते. हवालदाराने शेजारचे मोडेम एकेक करून बंद करायला लावले. तिसऱ्या घराचा बंद होताच माझी लाइन सुधारली. त्याने जॉइंट उघडला. पावसात दुरुस्ती करताना कुणीतरी माझ्या जोडीतली एक तार त्या घराच्या जोडीतल्या तारेशी बदलली होती. टोकापासून टोकापर्यंत दोन्ही लाइन जोडलेल्या, म्हणून साध्या तपासणीत सगळे ठीक दिसे. पण पीळ मोडलेला.

"जोडीदार बदलला की असंच होतं, साहेब," तो म्हणाला, आणि दोन्ही जोड्या परत लावून नव्याने पिळल्या.

नव्या लेफ्टनंटांना मी ला बोआसेलची गोष्ट सांगतो. मग त्यांना जॉइंट उघडायला लावतो.