श्रवणाचा छंद

नवविधा भक्तींत श्रवणाला पहिलें स्थान आहे. कीर्तनाचा क्रम त्यानंतर येतो. बिनतारी संदेशाचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं मात्र हा क्रम उलटा केला आहे. मार्कोनीपासून पुढें ज्यांनीं संदेश पाठविले, त्यांचीं नांवें शाळेच्या पुस्तकांत आलीं. ज्यांनीं ते नुसते ऐकले, त्यांची दखल फारशी कोणीं घेतली नाहीं. घराच्या छपरावर तार ताणून, कानांस हेडफोन लावून रात्रीं-अपरात्रीं लहरी चाळीत बसणारा मनुष्य घरच्यांना रिकामटेकडा आणि शेजाऱ्यांना विक्षिप्त वाटतो. त्याला कोणाशीं बोलावयाचें नसतें, कांहीं मिळवावयाचें नसतें; दूरचा कोणी काय म्हणतो एवढेंच ऐकावयाचें असतें. या रिकामटेकडेपणाची खरी किंमत काय, हें प्रस्तुत लेखांत आम्हांस थोडें तपासून पाहावयाचें आहे.

या छंदाचे आरंभींचे दाखलेच बोलके आहेत. १९१२ च्या एप्रिलमध्यें 'टायटॅनिक' जहाज बुडत असतां त्याची आर्त हाक वेल्समधील एका पिठाच्या गिरणींत आर्टी मूर नांवाच्या तरुणानें स्वतः बनविलेल्या यंत्रावर ऐकली. त्यानें पोलिसांना वर्दी दिली. त्यांनीं ती खरी मानली नाहीं, असें सांगतात. पुढें १९२१ च्या डिसेंबरांत पॉल गॉडले हा अमेरिकन गृहस्थ खास ऐकण्यासाठीं म्हणून स्कॉटलंडांत आला आणि आर्ड्रोसन येथील समुद्रकांठीं तंबू ठोकून बसला. अटलांटिकपलीकडील हौशी लोकांचे अल्पशक्तीचे संदेश त्यानें तेथें टिपले. तज्ज्ञांनीं निरुपयोगी म्हणून हौशी मंडळींच्या पदरांत टाकलेल्या आंखूड लहरी महासागर ओलांडतात, हें अशाच प्रयोगांतून हळूहळू सिद्ध झालें. आणि तें सिद्ध होण्यास बोलणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याचीहि गरज होती.

परंतु या छंदाचें सर्वांत मोठें यश, आणि सर्वांत मोठी शोकांतिकाहि, रशियांतील एका आडगांवची आहे. २५ मे १९२८ रोजीं उत्तर ध्रुवावरून परतत असलेलें जनरल नोबिले यांचें 'इटालिया' हें विमानपोत बर्फावर आदळलें. त्यांत सोळा माणसें होतीं. सहा जणांना घेऊन वरचा फुगा कोठें नाहींसा झाला, तो आजतागायत सांपडला नाहीं. एक जण आदळतांच मरण पावला. उरलेले नऊ जण तरंगत्या हिमखंडावर एका तांबड्या तंबूच्या आश्रयानें राहिले. त्यांच्यापाशीं आंखूड लहरींचें एक लहानसें प्रक्षेपकयंत्र होतें; बियाजी नांवाचा तारायंत्रज्ञ त्यावरून नियमितपणें मदतीची हाक देत होता. नोबिले यांचें स्वतःचें आधार-जहाज स्पिट्सबर्गेनच्या बंदरांत उभें होतें. त्याला ती ऐकूं आली नाहीं. आंखूड लहर आकाशांतील थरावर आपटून दूर जाऊन पडते आणि मधला कांहीं टापू कोरडा राहतो, हें त्याचें एक कारण. जहाजावरील यंत्र इतर निरोपांत गुंतलेलें होतें आणि बेपत्ता माणसें जिवंत असतील अशी कोणास फारशी आशा नव्हती, हें दुसरें.

३ जूनच्या सायंकाळीं वोझ्नेसेन्ये-वोख्मा या खेड्यांत निकोलाय श्मिट नांवाचा बाविशींतील तरुण आपल्या घरगुती यंत्रावर नेहमींप्रमाणें लहरी चाळीत होता. खेड्यांत सिनेमाचें यंत्र चालविणें हा त्याचा व्यवसाय. हजाराहून अधिक मैलांवरून आलेली तुटक कट्ट-कडकट्ट त्याच्या कानीं पडली. तींत 'इटालिया' आणि 'नोबिले' हीं नांवें ओळखूं आलीं आणि मागून मदतीची खूण आली. त्यानें मॉस्कोस तार केली. नाहींसे झालेले लोक जिवंत आहेत, हें जगाला असें कळलें. मग विमानें निघालीं, जहाजें निघालीं. शोधार्थ गेलेले थोर ध्रुवप्रवासी आमुंडसेन स्वतःच परतले नाहींत. अखेर १२ जुलैला 'क्रासिन' या रशियन बर्फफोड्या जहाजानें उरलेल्यांना उचललें. सोळांपैकीं आठ वांचले.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. पगारी कान ठरलेल्या वेळीं, ठरलेल्या लहरीवर, अपेक्षित तेंच ऐकतो. हौशी कानाला अपेक्षा नसते. म्हणून अनपेक्षित गोष्ट त्यालाच आधीं सांपडते. श्मिट कांहीं विशेष विद्वान् नव्हता. तो रिकामा होता आणि जागा होता, एवढेंच.

दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडनें या रिकाम्या कानांचा जाणूनबुजून उपयोग केला. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच हौशी मंडळींचीं प्रक्षेपकयंत्रें सरकारनें ताब्यांत घेतलीं, परंतु ग्राहकयंत्रें त्यांच्यापाशीं राहूं दिलीं. मग त्यांच्यांतून सुमारें दीड हजार स्वयंसेवक गुप्तपणें निवडण्यांत आले. दिवसा आपापला व्यवसाय करून रात्रीं त्यांनीं घरीं ऐकावें, ऐकलेलीं सांकेतिक अक्षरें कागदावर उतरावीं आणि बार्नेट येथील एका टपालपेटीच्या पत्त्यावर धाडावीं, अशी योजना होती. देशांत लपलेले जर्मन हेर शोधणें हा मूळ हेतु होता. तसे हेर फारसे आढळले नाहींत. पण जर्मन हेरखात्याचीं यूरोपांतील ठाणीं एकमेकांशीं काय बोलतात, तें या लोकांच्या कानीं पडूं लागलें. १९४० च्या आरंभीं गिल आणि पुढें इतिहासकार म्हणून प्रसिद्धि पावलेले ट्रेव्हर-रोपर यांनीं त्यांतील एक संकेत उलगडला. डिसेंबर १९४१ मध्यें डिली नॉक्स यांच्या मंडळीनें त्याच हेरखात्याचें एनिग्मा यंत्रहि उकललें. शत्रूला चकविण्याचे जे डाव पुढें नॉर्मंडीच्या स्वारीपर्यंत खेळले गेले, त्यांस या श्रवणाचा मोठा आधार होता. टिपणाऱ्यांना मात्र आपण काय टिपलें हें त्या वेळीं ठाऊक नव्हतें, आणि पुढें कित्येक वर्षें शेजाऱ्यापाशीं त्याविषयीं बोलण्याचीहि मुभा नव्हती.

ज्या कानाचा राज्यसत्तेला असा उपयोग होतो, त्याच कानाची तिला भीतिहि वाटते. सप्टेंबर १९३९ मध्यें जर्मनींत परदेशची आकाशवाणी ऐकणें हाच गुन्हा ठरला. ऐकलेलें पसरविणाऱ्यास मृत्युदंडापर्यंत शिक्षा होती. आणि श्मिट? ज्याच्या श्रवणानें आठ जीव वांचविण्याचा मार्ग खुला झाला, त्याला त्याच्याच सरकारनें हेरगिरीच्या आरोपावरून पकडलें आणि १९४२ सालीं ताश्कंद येथें गोळी घातली. तो निर्दोष होता, हें त्याच राज्यानें मान्य केलें, पण १९८४ सालीं!

याच १९४२ सालीं आमच्या मुंबईंत वेगळें नाटक चाललें होतें. युद्धारंभींच येथील हौशी मंडळींचे परवाने रद्द होऊन यंत्रें जमा करण्याचे हुकूम सुटले होते. तरीहि २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर कॉंग्रेस रेडिओ बोलूं लागला. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलीत बदलीत १२ नोव्हेंबरपर्यंत तो चालवीत राहिले. उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. गंमत अशी कीं, त्यांना पकडण्यासाठीं सरकारी श्रोत्यांनीं जीं भाषणें टिपून ठेवलीं, तींच टिपणें पुढें इतिहासकारांच्या कामीं आलीं. वैऱ्यानें लक्षपूर्वक ऐकलें, म्हणून आपल्याला आज तो आवाज वाचावयास मिळतो.

मग दुसऱ्याचें बोलणें ऐकावें तरी किती? हा प्रश्न खोटा नव्हे. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्यानें खाजगी संदेश ऐकून ते फोडण्यास वा त्यांचा लाभ उठविण्यास मनाई केली. आम्हांला यांतील विवेक पटतो. दोष ऐकण्यांत नसून ऐकलेल्याचा व्यापार करण्यांत आहे. आणि ज्या हांकेवर कोणाचा जीव अवलंबून आहे, ती मात्र गुप्त ठेवणें हेंच पाप होय.

आज हेडफोनची जागा संगणकानें घेतली आहे. कोणी स्कॅनरवर विमानांचें बोलणें ऐकतो, कोणी मालमोटारवाल्यांच्या सी. बी. पट्ट्यावरील गप्पा. छंद पोरकट दिसतो खरा. परंतु डिसेंबर २००४ मध्यें त्सुनामीनें अंदमानचा संपर्क तोडला, तेव्हां हौसेखातर तेथें केंद्र चालविण्यास गेलेल्या भारतीय चमूनेंच दिवसेंदिवस निरोप पोंचविले, आणि ते घेण्यास दूर दूर कोणीतरी ऐकत होतें. म्हणून आमच्या वाचकांच्या घरांत एखादा मुलगा वा मुलगी अशा खरखरींत कान घालून बसत असेल, तर ती वेळ फुकट जाते असें समजून यंत्र बंद करण्याची घाई वडीलधाऱ्यांनीं करूं नये.