यंत्र उघडून बघणाऱ्यांची कुळकथा

‘मंकी आयलंड २’ या १९९१च्या गेमची मुख्य फाइल लिनक्सवर नुसती उघडली तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांचा ढीग दिसतो. पण तिच्या प्रत्येक बाइटवर १०५ या आकड्याची ‘एक्सऑर’ ही साधी क्रिया केली की त्याच ढिगातून शिस्त वर येते. खोल्या, पात्रांचे पोशाख, आवाज, आणि कोणत्या वस्तूचं काय केलं की काय घडेल याच्या सूचना, सगळं ओळीनं लावलेलं. २००१ साली लुडविग स्ट्रिगेयस या स्वीडनमधल्या विद्यार्थ्यानं या फाइलींचा अर्थ लावणारा स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव स्कमव्हीएम. त्याचा वाढदिवस ९ ऑक्टोबरला धरतात. उबुंटूवर किंवा डेबियनवर जुने साहसी गेम खेळायचे म्हटलं की आज पहिलं नाव त्याचंच निघतं.

या प्रोग्रॅमचं कूळ मात्र त्याच्याहून पाव शतकानं जुनं आहे.

विल क्राउथर हे अमेरिकन प्रोग्रॅमर गुहा धुंडाळणारे. केंटकीमधल्या मॅमथ केव्हच्या भुयारांचे नकाशे करण्यात त्यांचा हात होता. १९७५-७६च्या सुमारास त्यांनी पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर फॉरट्रानमध्ये एक खेळ लिहिला. त्यात चित्रं नव्हती. संगणक तुम्ही कुठे आहात ते वाक्यांत सांगायचा, तुम्ही एक-दोन शब्दांत हुकूम टाइप करायचा. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी त्यात भर घातली आणि ‘ॲडव्हेंचर’ विद्यापीठा-विद्यापीठांतून पसरला. गेमच्या या साऱ्या प्रकाराला नावही त्याच्यावरूनच मिळालं. रँड कॉर्पोरेशनच्या जिम गिलॉग्ली यांनी लगोलग तो सी भाषेत उतरवून युनिक्सवर आणला. म्हणजे लिनक्सच्या जन्माआधी कितीतरी वर्षं त्याच्या पूर्वजाच्या घरात हा खेळ नांदत होता. डेबियनच्या ‘बीएसडीगेम्स’ या संचात तो आजही आहे.

कुळातली खरी कलाटणी १९७९ची. एमआयटीतल्या मंडळींनी लिहिलेला ‘झॉर्क’ हा असाच शब्दांतला खेळ घरगुती संगणकांवर विकायचा होता. पण तो त्यांच्या मानानं फार मोठा, आणि बाजारात एकमेकांशी न जुळणारे संगणक ढीगभर. प्रत्येकासाठी गेम नव्यानं लिहायचा तर कंपनी बुडालीच असती. इन्फोकॉम या त्यांच्या कंपनीतल्या जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी मग एक काल्पनिक संगणक रचला, झी-मशीन. गेम लिहायचा तो या काल्पनिक यंत्रासाठी, एकदाच. खऱ्या संगणकांसाठी प्रत्येकी एक छोटा दुभाषा प्रोग्रॅम लिहायचा. नवा संगणक बाजारात आला तर नवा दुभाषा, गेम तोच. धंद्याच्या निकडीतून निघालेली ही वाटणी पुढे या गेमना इतकं आयुष्य देईल, असं तेव्हा कुणाच्या मनात असायचं कारण नव्हतं.

अशीच वाटणी पुढे लुकासफिल्मच्या गेम विभागात झाली. तिथे रॉन गिल्बर्ट १९८७च्या ‘मॅनियाक मॅन्शन’वर काम करत होते. कमोडोर ६४ या संगणकाची स्मृती अवघी ६४ किलोबाइट. इतक्या अडचणीच्या जागेत तीन पात्रं, घरभर खोल्या आणि आपापल्या वेळापत्रकानं हिंडणारे घरचे लोक बसवायचे होते. चिप मॉर्निंगस्टार आणि ॲरिक विल्मंडर यांच्या साथीनं त्यांनी पटकथा लिहायची एक भाषाच तयार केली. तीच ‘स्कम’. या भाषेत दाराची एक पटकथा, घड्याळाची एक, स्वयंपाकघरात येणाऱ्या बाईची एक, आणि त्या सगळ्या एकाच वेळी चालू. लेखक आणि चित्रकार पटकथेत रमायचे, यंत्राची काळजी दुभाषा वाहायचा. ‘द सिक्रेट ऑफ मंकी आयलंड’, ‘फेट ऑफ अटलांटिस’, ‘डे ऑफ द टेंटॅकल’ हे सगळे याच भाषेतले. ‘डे ऑफ द टेंटॅकल’मधली कोडी मला आजही या कलाप्रकाराचं शिखर वाटतात. तीन मित्र तीन वेगवेगळ्या शतकांत अडकलेले, आणि भूतकाळातल्याने केलेली खटपट भविष्यातल्याला वाट करून देते.

हे गेम ज्यावर चालायचे ते डॉस मग मागे पडलं. विंडोज एक्सपी आलं आणि कितीतरी जुने गेम सुरूच होईनात. आपल्याकडे त्याच काळात लिनक्स घरोघरच्या संगणकांकडे सरकत होतं. त्यात कोल्हापूर-बेळगाव भागातल्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. बेळगावात वाढलेले, मेकॅनिकल इंजिनिअर झालेले अतुल चिटणीस यांनी ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबतच्या सीडीवरून लिनक्स वाटण्याची मोहीम १९९६ मध्ये सुरू केली. धिम्या डायल-अप जोडणीवरून अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम उतरवणं अशक्यच होतं. कोल्हापूरसारख्या शहरात लिनक्स हाती लागायचं ते मुख्यतः अशा सीडीवरून, आणि एक सीडी अनेक हातांतून फिरायची. २०१३ मध्ये चिटणीस गेले. त्यांचं हे ऋण आपल्या भागात पुरेसं सांगितलं जात नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगतो.

जुना गेम नव्या यंत्रावर चालवायच्या दोन वाटा आहेत. एक डॉसबॉक्सची. अख्खा जुना पीसी सॉफ्टवेअरमध्ये उभा करायचा आणि गेमला काही कळूच द्यायचं नाही. स्ट्रिगेयस यांची वाट वेगळी होती. गेमसोबतचा जुना दुभाषा टाकून द्यायचा, पटकथेतला एकेक संकेत काय करायला सांगतो ते शोधायचं आणि तेच काम करणारा नवा दुभाषा लिहायचा. व्हिन्सेंट हॅम हे असंच काम स्वतंत्रपणे करत होते, तेही येऊन मिळाले. मूळ कंपनीची एक ओळही न वापरता, वागणं बघून यंत्र पुन्हा घडवायचं, अशी ही मेहनत. आणि जे घडलं ते जीपीएल परवान्याखाली सगळ्यांसाठी खुलं ठेवलं.

ही मेहनत कोल्हापूरला परकी नाही. नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमा दाखवण्याच्या धंद्यात शिरले आणि स्वतःचा कॅमेरा बनवायच्या मागे लागले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी हाय खाल्ली नाही. विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन १९१८ मध्ये त्यांनी चालता कॅमेरा उभा केला आणि १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. परदेशी यंत्र समजून घेऊन आपलं घडवायची ही जिद्द पुढे शहरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतल्या लेथवरही दिसली. पण ‘सैरंध्री’ आज बघायला मिळत नाही. यंत्र जिंकलं आणि कलाकृती हरवली, ही आपली हळहळ आहे. मंकी आयलंडच्या बाबतीत उलटं झालं. यंत्रं भंगारात गेली आणि कलाकृती वाचली, कारण ती यंत्रापासून वेगळी ठेवलेली होती आणि तिच्यासाठी नवं यंत्र घडवायला कुणीतरी वेळेत पुढे आलं.

स्कमव्हीएम फक्त दुभाषा देतं. गेमच्या फाइली ज्याच्या त्यानं विकत घेतलेल्या असाव्या लागतात. पण काही मालकांनी मन मोठं केलं. ब्रिटनच्या रेव्होल्यूशन सॉफ्टवेअरनं १९९४च्या ‘बिनीथ अ स्टील स्काय’चा मूळ कोड स्कमव्हीएमच्या मंडळींच्या हाती दिला आणि २००३ मध्ये गेम सर्वांना मोफत केला. त्याच्या पुढच्याच वर्षी ‘फ्लाइट ऑफ द अमेझॉन क्वीन’ही मोफत झाला. दोन्ही गेम डेबियनच्या भांडारात आहेत. कपाटात कुजत पडलेल्या कोडचं याहून चांगलं काय करता येईल, हे मला तरी सुचत नाही. सिएरा कंपनीच्या ‘किंग्ज क्वेस्ट’सारख्या गेमसाठी ‘सारिएन’ आणि ‘फ्रीएससीआय’ असे वेगळे प्रकल्प होते, तेही कालांतरानं याच घरात आले. २०२१च्या आवृत्तीपासून ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’ या साधनात हौशी लेखकांनी केलेले गेमही त्यात चालतात.

तेव्हा कॉलेजच्या लॅबमधल्या किंवा घरातल्या अडगळीतल्या संगणकावर उबुंटू टाकावं, सॉफ्टवेअरच्या यादीतून स्कमव्हीएम आणि ‘बिनीथ अ स्टील स्काय’ घ्यावा आणि बसावं. आणि तो संपला की लिहायला घ्यावं. देवनागरीत लिहायचं तर ‘ट्वाइन’ हे खुलं साधन सोयीचं. त्यातला गेम ब्राउझरमध्ये चालतो, त्यामुळे जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट उमटतात. विषय शोधत फिरायला नको. क्राउथरांना मॅमथ केव्ह होती, आपल्याला कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर पन्हाळा किल्ला आहे. तिथली अंधारबाव तीन मजल्यांची आहे, पोटात विहीर आणि बाहेर निघायची चोरवाट. अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं एकमेकांजवळ उभी. साल १६६०, सिद्दी जौहरचा वेढा, बाहेर आषाढाचा पाऊस, खेळणाऱ्याच्या हातात मशाल. पहिली खोली सज्जाकोठीची धरावी. तिथून दिसणाऱ्या वेढ्याचं वर्णन चार ओळींत बसवायचं आणि खेळणाऱ्याला विचारायचं, आता कुठे जाणार?