क्रमिक पुस्तकमालिका
पंडित विष्णु नारायण भातखंडे (१० ऑगस्ट १८६०–१९ सप्टेंबर १९३६) यांनी संपादिलेला, हिंदुस्थानी संगीतातील पारंपरिक चिजांचा स्वरलिपिबद्ध संग्रह. ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’ या मुख्य शीर्षकाखाली तो मराठीत सहा भागांत प्रसिद्ध झाला. अखेरचे दोन भाग भातखंडे यांच्या निधनानंतर प्रकाशात आले. ध्रुपद, धमार, ख्याल, तराणा, सरगम व लक्षणगीत अशा विविध प्रकारांतील एक हजाराहून अधिक रचना त्यात समाविष्ट आहेत.

मोगल बादशाह मुहम्मदशाह (कार. १७१९–४८) याच्या दरबारातील नियामतखाँ ऊर्फ सदारंग व फिरोजखाँ ऊर्फ अदारंग यांनी रचलेल्या ख्यालांवर पुढील अनेक पिढ्यांची गायकी उभी राहिली. या रचना मुख्यतः गुरुमुखातून शिष्याकडे जात. चीज ही घराण्याची ठेव मानली जाई व ती सहसा घराण्याबाहेर दिली जात नसे. परिणामतः एखादा वृद्ध गायक निःसंतान वा शिष्यावाचून निवर्तला, की त्याच्या संग्रहातील दुर्मिळ चिजा त्याच्याबरोबरच लुप्त होत. ज्या टिकत, त्यांच्या शब्दांत व स्वरांतही पाठभेद शिरत.

व्यवसायाने वकील असलेल्या भातखंडे यांनी मुंबईच्या ‘गायन उत्तेजक मंडळी’त संगीताचे शिक्षण घेतले. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांना ध्रुपदे मिळाली. १९०४ मध्ये दक्षिण भारताचा व त्यानंतर पूर्व आणि उत्तर भारताचा प्रवास करून त्यांनी ग्रंथ, पोथ्या व चिजा गोळा केल्या. जयपूरचे मुहम्मद अलीखाँ व त्यांचे पुत्र आशिक अलीखाँ यांच्याकडून मनरंग परंपरेतील ख्याल, ग्वाल्हेर परंपरेतील एकनाथ पंडित यांच्याकडून त्या घराण्याच्या चिजा, तर रामपूरचे नवाब हामिद अलीखाँ व वजीरखाँ यांच्याकडून तानसेन परंपरेतील रचना त्यांना लाभल्या. स्वतः भातखंडे यांनी ‘चतुर’ या मुद्रेने रचलेली लक्षणगीतेही मालिकेत आहेत. रागाचे वादी-संवादी, वर्ज्य स्वर इ. नियम गीतातूनच विद्यार्थ्याच्या ध्यानी यावेत, हा त्यांमागील हेतू होता.

मालिकेची मांडणी शिक्षणक्रमास अनुसरून आहे. प्रारंभीच्या भागांत सुलभ व प्रचलित राग, तर अखेरच्या दोन भागांत अप्रसिद्ध राग येतात. रागांचे वर्गीकरण कल्याण, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी या दहा थाटांत केलेले आहे. स्वरलिपी साधी आहे : कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी स्वराखाली व तार सप्तकासाठी स्वरावर बिंदू, मींडेसाठी वरून कमान, समेसाठी गुणाकाराचे व खालीसाठी शून्याचे चिन्ह. विशेष ठसे न पाडताही ती छापता येण्यासारखी असल्याने तिचा प्रसार त्वरेने झाला. ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय (१९१८) व लखनौचे मॅरिस कॉलेज (१९२६) यांतून ही पद्धती रुजली. हाथरसच्या संगीत कार्यालयाने मालिकेचा हिंदी अनुवाद प्रसिद्ध केल्यावर ती उत्तर भारतात सर्वत्र पोहोचली.

मालिकेवर आक्षेपही घेतले गेले. मारवा, ललत यांसारख्या रागांचे थाटात बसणे सर्वांनाच पटले नाही. दरबारी कानड्यातील आंदोलित गांधार किंवा तोडीतील अतिकोमल स्वर रेघेने दाखविता येत नाहीत. अनेक घराण्यांत वेगवेगळ्या तऱ्हेने गाइल्या जाणाऱ्या चिजेचे एकच रूप छापले गेल्याने तेच प्रमाण मानण्याची प्रवृत्ती वाढली, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. केवळ पुस्तकावरून चीज बसविणाऱ्याच्या हाती तिचा सांगाडा येतो. तिचा डौल, उच्चार व लयीचे वजन गुरुमुखातूनच मिळते. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर व त्यांच्या शिष्यपरंपरेने मालिकेतील रचना प्रत्यक्ष तालमीतून शिकविल्या, त्यामुळे ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली.

असे असले, तरी या मालिकेमुळे चीज घराण्याच्या मालकीतून मुक्त होऊन जिज्ञासूमात्रास उपलब्ध झाली. ज्या रचनांचे गायक काळाच्या पडद्याआड गेले, त्यांपैकी कित्येकींचा हाच आधार उरला आहे. रचनाकाराची मुद्राही चिजेबरोबर जतन झाल्याने सदारंग, अदारंग, मनरंग ही नावे मैफलीबाहेरच्या अभ्यासकासही परिचित झाली. हिंदुस्थानी संगीतातील रचनांच्या अभ्यासाचे एक मूलभूत साधन म्हणून या मालिकेचे महत्त्व अबाधित आहे.