गहू चांगला होता, गिरणीचं काय?

घरचा गहू निवडून गिरणीत दळून आणणारे लोक अजून आहेत. पाकीट आणणं सोपं, पण डोळ्यांदेखत दळलेल्या पिठाचा भरवसा वेगळा. सॉफ्टवेअरमध्येही असं करता येतं. तयार प्रोग्राम घेण्याऐवजी त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर, उतरवून घ्यायचा आणि आपल्याच मशीनवर त्यातून प्रोग्राम बनवायचा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा तीन आज्ञा पाठ केल्या होत्या: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. स्क्रीनवरून शेकडो ओळी सरसर जायच्या. शेवटी एरर आली नाही की झालं! त्या ओळी वाचल्या का? नाही. जवळपास कुणीच वाचत नाही. आजची गोष्ट त्याचीच आहे.

सोर्स कोड मिळण्याचा हा हक्क आपोआप आलेला नाही. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांना कळावं, एवढाच बदल रिचर्ड स्टॉलमन यांना करायचा होता. पण ज्याच्याकडे सोर्स कोड होता, त्यानं तो कुणाला न देण्याचा करार केलेला. 1983 मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, पुढे जीपीएल हा परवाना आला. त्याच्या 1991 च्या दुसऱ्या आवृत्तीत एक बारीक अट आहे: सोर्स कोडबरोबर तो बनवण्याच्या आणि बसवण्याच्या स्क्रिप्टही द्यायच्या. म्हणजे नुसता गहू देऊन भागत नाही, तो दळला कसा तेही सांगायचं.

त्याच 1991 मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ हे साधन बनवलं. तेव्हा प्रत्येक कंपनीचं युनिक्स वेगळं. एकाकडे चालणारा कोड दुसऱ्याकडे अडायचा. ऑटोकॉन्फ एक स्क्रिप्ट तयार करून देतं, ती तुमच्या मशीनची चाचपणी करते आणि त्याप्रमाणे बांधणी जुळवते. मोठी सोय झाली. पण ही स्क्रिप्ट यंत्रानं लिहिलेली, हजारो ओळींची. ती वाचायच्या भानगडीत कोण पडणार?

एक जण पडला, पण वेगळ्या हेतूनं.

एक्सझेड नावाचं फाइल दाबून लहान करणारं एक साधन आहे. त्याची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येईल असा तयार कोडचा संच, असंख्य लिनक्स मशीनवर असते. ती सांभाळत होता प्रामुख्यानं एकच माणूस, फावल्या वेळात, बिनपगारी. तो थकला होता. काम लवकर होत नाही म्हणून काही खाती त्याच्यामागे तगादा लावत होती. अशात ‘जिया तान’ नावाचं एक खातं मदतीला आलं. दोनेक वर्षं चांगलं काम केलं, विश्वास मिळवला, प्रकल्पाच्या चाव्याही मिळवल्या. आणि 2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 5.6.0 आणि 5.6.1 या दोन आवृत्त्यांत चोरदरवाजा ठेवून दिला.

कुठे ठेवला ते पाहा. विषारी भाग चाचणीच्या फाइलींत लपवलेला. त्या सगळ्यांसमोर होत्या, पण निरुपद्रवी दिसत होत्या. तो भाग जागा करणारी ओळ मात्र उघड्या भांडारात नव्हतीच. ती होती फक्त उतरवून घ्यायच्या गठ्ठ्यातल्या बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये. भांडारातला गहू कितीही निवडला असता तरी हे हाती लागलं नसतं. खोट दळताना मिसळत होती.

काही लिनक्स वितरणांत ही लायब्ररी आडवाटेनं एसएसएचला जोडली जाते. एसएसएच म्हणजे सर्व्हरमध्ये दुरून शिरायचा दरवाजा. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. तो मागे लागला आणि 29 मार्च 2024 ला त्यानं सगळं जाहीर केलं. तोवर या आवृत्त्या बहुतेक चाचणीच्या वितरणांतच पोचल्या होत्या. थोडक्यात वाचलो!

केन थॉम्पसन यांनी 1984 साली छापून आलेल्या ट्युरिंग व्याख्यानात हेच बजावलं होतं: कोड वाचून भागत नाही, तो बनवणारं साधनही बिघडवलेलं असू शकतं. म्हणूनच आज डेबियनसारखे प्रकल्प झटताहेत की एकाच कोडवरून कुणीही, कुठेही बांधणी केली तरी शेवटच्या बिटपर्यंत तोच प्रोग्राम निघावा. तुझं पीठ आणि माझं पीठ जुळलं नाही, की गिरणी तपासायची.

हे तुम्हा-आम्हाला का सांगतोय? केंद्र सरकारनं 2015 मध्ये ओपन सोर्सला प्राधान्य देणारं धोरण काढलं. चांगलंच झालं. पण ‘ओपन सोर्स आहे’ एवढ्यावर आपण खूश होतो. माझ्या मते, आपल्या पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक पोर्टलबद्दल तीन प्रश्न विचारायला हवेत. कोड कुठे आहे? चालू असलेला प्रोग्राम त्याच कोडवरून बनलाय, हे तिसऱ्या माणसाला पडताळता येतं का? आणि ज्या फुकट लायब्ररींवर तो उभा आहे, त्या सांभाळणाऱ्यांसाठी त्या निविदेत एक रुपया तरी आहे का?

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण चोर शिरला तो कोडमधल्या चुकीतून नाही, एका थकलेल्या माणसाच्या एकटेपणातून.