मधुमेही मांजरातील अरुची व मळमळ

मधुमेही मांजरातील अरुची व मळमळ ही इन्सुलिनवर असलेल्या मांजरांत आढळणारी, तातडीने लक्ष देण्याजोगी अवस्था आहे. इन्सुलिन टोचूनही मांजराने अन्न न घेतल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. उलट इन्सुलिन बंद ठेवल्यास रक्तात कीटोन साचून कीटोआम्लता उद्भवू शकते. म्हणून मात्रा कमी करावी की वगळावी, हे रक्तशर्करा मोजून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवतात.

कारणे व लक्षणे
स्वादुपिंडाचा दाह, मूत्रपिंडाचा जुनाट विकार, संसर्ग आणि कीटोआम्लता ही प्रमुख कारणे होत. मळमळणारे मांजर वारंवार ओठ चाटते, लाळ गाळते किंवा अन्न हुंगून तोंड फिरवते. उलटी होतेच असे नाही.

उपचार
मूळ आजारावरील उपचारांसोबत मळमळीसाठी मॅरोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉन, तर भूक वाढवण्यासाठी मिर्टाझापिन देतात. कॅप्रोमोरेलिनमुळे रक्तशर्करा वाढू शकते. ओले अन्न कोमट करून दिल्यास त्याचा वास वाढतो व मांजर खाण्यास प्रवृत्त होते. कांदा-लसूण घातलेला रस्सा मांजरांना विषारी ठरतो. बळजबरीने भरवल्यास अन्नाविषयी तिटकारा निर्माण होऊ शकतो. गरज भासल्यास नळीद्वारे अन्न देतात.

धोके
काही दिवसांच्या उपासाने यकृतात मेद साचून जीवघेणा विकार होऊ शकतो. अशक्तपणा, झोकांड्या व झटके ही रक्तशर्करा उतरल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचे द्रावण चोळून मांजराला तत्काळ पशुवैद्यकाकडे नेणे आवश्यक असते.